वर्धेच्या काठी सापडलेली दाढ: पहिल्या अर्जापासून ओळख पटेपर्यंत

मार्चच्या सुरुवातीला आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आजोबांना वर्धा नदीच्या कडेला जबड्याचा तुकडा सापडला. त्यात एक अख्खी दाढ शाबूत होती. ही दाढ कोणाची, किती जुनी, आणि ती जवळ असणं हा गुन्हा आहे का, या तीन प्रश्नांमागे आमचा उन्हाळा गेला, पावसाळा गेला आणि दिवाळीच्या तोंडावर एक पत्र हातात पडलं. सुरुवातीला कोणाकडे जायचं हेच समजत नव्हतं. आपल्या विदर्भात नदीनाल्यांच्या काठी अशा वस्तू निघतात आणि माणसं घाबरून त्या परत पाण्यात टाकतात. तसं होऊ नये म्हणून जे जसं घडलं ते लिहिते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात. नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. इथे वाघ फक्त पेपरात वाचायचा प्राणी नाही. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर वाढलेल्या झुडपांत तो बसतो, तुरीच्या वावरात जागलीला गेलेल्या माणसाला दिसतो. त्यामुळे वाघाची नखं, दात, मिशा यांवरून होणाऱ्या कारवायाही इथल्या लोकांना चांगल्या ठाऊक आहेत.

त्या मुलीचे आजोबा, आबाजी, आयुष्यभर नदीत जाळं टाकत आले. दरड कोसळली तिथे, खालच्या गोट्यांच्या थरातून सुटून पडलेला हा तुकडा त्यांना मिळाला. ते तो फडक्यात बांधून शाळेत घेऊन आले, कारण मी विज्ञान शिकवते. म्हणाले, "मॅडम, याले घरी ठेवू का नदीत फेकू? पोरगा म्हणते, फॉरेस्टवाले धरून नेतीन." त्यांच्या मुलाची भीती खोटी नव्हती. तुकडा तपकिरी-काळा, हाताला चांगला जड, आणि दाढ इतकी चकचकीत की कालपरवाची वाटावी.

त्या संध्याकाळी मी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ वाचून काढला. वाघ आणि बिबट दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. कलम ३९ नुसार अशा प्राण्याचा मृतदेह किंवा अवयव ही सरकारी मालमत्ता ठरते, आणि ज्याच्या हाती ती येते त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनअधिकाऱ्याला कळवायचं असतं. वस्तू हजारो वर्षांपूर्वीची असेल तर हे कलम लागू होतं का, हा प्रश्न पुढचा. तो सोडवायला तज्ज्ञ लागणार, आणि तज्ज्ञांपर्यंत पोचेस्तोवर ४८ तास उलटणार. म्हणून आधी कळवायचं आणि मग ओळख शोधायची, असं ठरवलं. या सगळ्या अनुभवातली सगळ्यांत कामाची गोष्ट मला विचाराल तर हीच आहे. कार्यालय दूर असेल तर वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. तिथे सांगितलं की तारीख-वेळेची नोंद राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला, दोन प्रतींत. विषयात "वाघाचा दात" असं लिहिलं नाही. "नदीपात्रालगत सापडलेला, जीवाश्म असण्याची शक्यता असलेला जबड्याचा तुकडा स्वेच्छेने सादर करणेबाबत" असं लिहिलं. कोणी, कुठे, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष उचलला ते चार ओळींत. जागेचा जीपीएस आकडा आणि फोटो जोडले. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. टेबलावरचे बाबू म्हणाले, साहेब आल्यावर पोच देतो. मी बाकावर बसून राहिले आणि पोच घेऊनच उठले. पुढे प्रत्येक ठिकाणी तो आवक क्रमांक कामाला आला.

त्याच दुपारी वनपाल आणि वनरक्षक गावात आले. पोलीस पाटील आणि एक शेजारी असे दोन पंच घेऊन नदीवर पंचनामा झाला. आबाजींचं बयाण घेतलं तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. त्यांची सून दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मला स्वतःला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण त्यांना कार्यालयात यायला मीच सांगितलं होतं. पंचनाम्याच्या मसुद्यात "जप्त केला" असा शब्द आला होता. मी अर्जाची पोच दाखवून तिथे "सादर केला, ताब्यात घेतला" असं लिहायची विनंती केली. वनपालांनी ते शांतपणे ऐकलं आणि दुरुस्त केलं. पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो मोठ्याने वाचून घ्या, विशेषतः वाचता न येणाऱ्या माणसाची सही किंवा अंगठा असेल तेव्हा. वजन, लांबी, रंग लिहून तुकडा डब्यात ठेवला आणि लाखेचं सील लावलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. एप्रिल-मे म्हणजे जंगलातल्या आगी आणि तेंदूपत्त्याचा हंगाम. वनखात्याची माणसं जागेवर सापडत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. वरच्या कार्यालयातून तज्ज्ञांना पत्र जायचं होतं. मध्ये एकदा फाईल कुठे आहे ते कोणालाच सांगता येईना. आबाजी दर बाजाराच्या दिवशी शाळेपाशी थांबून विचारायचे, "काही आलं का जी?" पीओआर (वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाटला नव्हता, म्हणजे गुन्हा नोंद नव्हता, एवढंच मी त्यांना सांगू शकत होते.

जूनमध्ये पत्र निघालं. त्याच सुमारास मी लेखी परवानगी मागितली की वनरक्षकासमक्ष दाढेचा एक्स-रे आणि साचा काढू द्यावा, म्हणजे मूळ वस्तू न हलवता तज्ज्ञांना दाखवता येईल. परवानगी मिळाली. वणीतल्या एका दंतवैद्यांनी दवाखाना बंद करायच्या वेळी बोलावलं. एक्स-रेचे २०० रुपये, साच्यासाठी सिलिकॉनची पुट्टी आणि त्यात ओतायचं कडक प्लास्टर, म्हणजे डेंटल स्टोन, मिळून ९०० च्या आसपास. हातमजुरी त्यांनी घेतली नाही. तज्ज्ञांनी फोनवर बजावलं होतं की साचा फक्त वरच्या चकचकीत भागाचा घ्या, मुळांना आणि हाडाला पुट्टी लागू देऊ नका, ती भेगांत शिरते. आम्ही हाड पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेतलं.

एक्स-रेने पहिली मोठी गोष्ट दाखवली. ताज्या दाताच्या आत मऊ गर असतो. प्राणी मेल्यावर तो कुजून जातो आणि पोकळी फिल्मवर काळी दिसते. आमच्या दाढेतली पोकळी पांढरट होती, म्हणजे आत खनिज भरलेलं होतं. डॉक्टर फिल्म दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. तुकड्याला चिकटलेल्या वाळूचा सुटा कण पुढे नागपूरला सौम्य आम्लात टाकला तेव्हा तो फसफसला. चुन्याने सांधलेली वाळू ती. नदीच्या गोट्यांच्या थरालाही तोच चुना आहे. इंटरनेटवर गरम सुई टोचून वास घेण्याची परीक्षा सांगतात. ती करू नका, वस्तू कायमची बिघडते. धुणं, घासणं, फेव्हिकॉल लावणं, वार्निश मारणं, यातलंही काही नको.

पावसाळ्यात मी अभ्यास केला. डिजिटल व्हर्नियर ६५० रुपयांना मागवला आणि डेंटल स्टोनच्या प्रतीवर मोजमापं घ्यायला शिकले. लांबी म्हणजे पुढून मागे, रुंदी म्हणजे गालाकडून जिभेकडे, दोन्ही जिथे सर्वांत जास्त भरतात तिथे. तीनदा मोजायचं आणि तिन्ही आकडे लिहायचे. फोटो पाच बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. मोबाईल अगदी जवळ नेला तर पुढचा भाग फुगलेला दिसतो, म्हणून हातभर अंतरावरून झूम करून काढायचे. आमच्या दाढेची लांबी २६.८ मिलिमीटर भरली.

ऑगस्टअखेर नागपूरला बोलावणं आलं. मूळ तुकडा वनरक्षक सरकारी गाडीने घेऊन गेले. मी वरोऱ्यावरून एसटीने. महिलांना अर्धं तिकीट असल्याने खर्चाचा भार पडला नाही. तुलनेसाठी तिथे दोन वाघांच्या कवट्या होत्या, एक बिबट्याची, एक सिंहाची, आणि तरस, रानकुत्रा, अस्वल यांचे जबडे. संशोधक बाईंनी उत्तर सांगितलं नाही. म्हणाल्या, "तुम्हीच एकेक वगळत चला."

मांजरकुळाच्या तोंडात ३० दात असतात, कुत्र्याच्या तोंडात ४२. मांजराच्या खालच्या जबड्यात मागची दाढ एकच, आणि तीच मांस कापणारी. तिला कार्नेशियल म्हणतात. वरच्या जबड्यातली तिची जोडीदार आणि ती अशा एकमेकींना घासून चालतात की मध्ये आलेलं कातडं, स्नायू अडकित्त्यात धरल्यासारखं कापलं जातं. आमच्या तुकड्यात दाढेच्या मागे हाड शिल्लक होतं आणि त्यात दुसऱ्या दाताची खाच नव्हती. म्हणजे कुत्रा, लांडगा, अस्वल बाद. त्यांना मागे आणखी दाढा असतात. अस्वलाची दाढ तर चपटी, चघळायची.

तरसालाही खाली मागची दाढ एकच. त्याच्यासाठी दाढेची मागची टाच पाहायची. पट्टेरी तरसाच्या दाढेला मागे एक छोटा, उठून दिसणारा उंचवटा असतो. ठिपक्यांच्या तरसात तो लहान होतो, तरी असतो. हा दुसरा तरस आज फक्त आफ्रिकेत आहे, पण हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक डोंगरांच्या थरांत निरनिराळ्या तरसांचे जीवाश्म मिळालेले आहेत, त्यामुळे जुन्या वस्तूच्या बाबतीत "आपल्याकडे नसतोच" असं म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या दाढेला दोन पाती, मध्ये खोल खाच आणि मागे जवळजवळ काही नाही. मांजरच.

मग आकार. बिबट्याची दाढ बाईंनी माझ्याकडून मोजून घेतली: १८ मिलिमीटरला थोडी वर. वाघांच्या २५.१ आणि २७.६. सिंहाची २७.९. दात एकदा वर आला की तो वाढत नाही, फक्त झिजतो. म्हणून लहान बिबट आणि मोठा बिबट यांच्या अंगात जेवढा फरक असतो तेवढा त्यांच्या दाढेत नसतो. बिबट्याच्या दाढेने २६ मिलिमीटर गाठणं शक्य नाही. बिबट बाद.

शाळेतल्या मुलांचा मोठा प्रश्न होता तो तलवारीसारख्या सुळ्यांच्या मांजरांचा, सेबर-टूथचा. मी तो बाईंना विचारला आणि त्यांनी तो पूर्ण गांभीर्याने घेतला. चित्रांत दिसणारा स्मिलोडॉन फक्त अमेरिका खंडांत होता, पण त्याच्या कुळातला मेगँटेरिऑन शिवालिकच्या थरांतून नोंदवलेला आहे. सुळा मिळाला असता तर काम सोपं होतं. वाघाचा सुळा कापला तर छेद गोलसर, लांबट असतो आणि त्यावर उभ्या खाचा दिसतात. त्या प्राण्यांचा सुळा बाजूंनी चपटा. दाढेवरून ठरवायचं तर पात्यांची जाडी पाहायची. त्यांची पाती पातळ, फक्त कापण्यासाठीच. वाघ-सिंहांची जाडजूड, हाडाशी गाठ पडली तरी टिकणारी. आमची दाढ जाड होती.

राहिले दोघे, वाघ आणि सिंह. इथे मला वाटलं होतं की काहीतरी खूण असेल. अख्खी कवटी असती तर होती: वाघाच्या नाकाची हाडं कपाळाकडे शेजारच्या हाडांपेक्षा वर चढतात, सिंहात उलट. खालचा जबडा टेबलावर ठेवला तर सिंहाचा खालून बाकदार असल्याने डुलतो, वाघाचा सहसा डुलत नाही. आमच्याकडे जबड्याचा बोटभर तुकडा. दाढेचे आकडे दोन्हींत बसतात. बाईंनी श्रीलंकेचं उदाहरण दिलं. तिथे कुरुविटाच्या गाळातून मिळालेल्या दातांवरून पी. ई. पी. देराणियागला यांनी १९३९ मध्ये सिंहाची एक नवी उपजाती मांडली. आज श्रीलंकेत सिंह नाही आणि वाघही नाही. २००५ मध्ये तिथल्या संशोधकांनी अशा दातांची पुन्हा तुलना केली, तेव्हा बेटावर कधीकाळी सिंहाबरोबर वाघही होता असं दाखवलं. एकेका दाढेवर किती तपशिलाने मान मोडावी लागते, ते त्यातून कळतं.

आमच्या पत्रात शेवटी लिहिलं गेलं: पॅन्थेरा, सी.एफ. टायग्रिस. पॅन्थेरा हे वाघ-सिंहांच्या गटाचं शास्त्रीय नाव, टायग्रिस म्हणजे वाघ. "सी.एफ." म्हणजे वाघाशी जुळतं, पण एवढ्या पुराव्यावर शिक्कामोर्तब नाही. मी थोडी हिरमुसले. गावात सगळ्यांना "वाघ" हा एक शब्द हवा होता. परतीच्या एसटीत मी त्यावर बराच विचार केला आणि मला ते पत्र आवडू लागलं, कारण त्यात पुराव्यापलीकडचं एक अक्षरही नव्हतं.

वयाचंही तसंच. वाघाच्या जातकुळीचा चीनमधल्या गान्सूचा एक जीवाश्म, पॅन्थेरा झ्डान्स्की, २०११ मध्ये जाहीर झाला. तो वीस लाख वर्षांहून जुना आहे आणि त्याची कवटी नि दात आजच्या वाघाशी खूप जुळतात. इतका काळ जर आकार फारसा बदलला नसेल तर दाढेच्या आकारावरून तिचं वय कसं सांगणार? कार्बन पद्धतीला हाडातलं कोलॅजन हे प्रथिन लागतं, आपल्या उष्ण हवेत ते टिकणं कठीण, आणि ती पद्धत पन्नास हजार वर्षांच्या आसपास थांबते. हाडात साठणाऱ्या फ्लोराइडवरून जुनं-नवं ताडून पाहता येतं. पण आमच्या यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात कितीतरी गावांच्या भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, तेव्हा दुसरीकडचे आकडे इथे लावून चालत नाहीत. उरतो तो थर. बाईंनी मला खोदून खोदून विचारलं की दरडीत पांढरट राखेचा पट्टा दिसतो का. इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची राख भारतातल्या अनेक नद्यांच्या गाळात सापडते. ती मिळाली तर तिच्या खालचं काय आणि वरचं काय हे सांगता येतं. आमच्या दरडीत खाली चुन्याने सांधलेले गोटे, वर पिवळसर गाळ, त्यावर काळी माती, राख नाही. शिवाय तुकडा सुटा मिळाला होता. नेमक्या कोणत्या थरातला, हे आबाजींच्या सांगण्यावर आणि त्याला चिकटलेल्या वाळूवर अवलंबून. म्हणून तुम्हाला काही सापडलं तर उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा, मागची दरड दिसेल असा. थरात रुतलेलं असेल तर उकरू नका.

ऑक्टोबरमध्ये वनखात्याचं पत्र आलं: वस्तू सध्याच्या वन्यप्राण्याची नसून जीवाश्म असल्याने कोणताही वनगुन्हा आढळून येत नाही, प्रकरण निकाली. मी ते आबाजींच्या घरी जाऊन वाचलं. सुनेने पुन्हा वाचायला लावलं. आबाजींनी विचारलं, "मंग थो वाघ कधीचा म्हन्ला त्याईनं?" हजारो वर्षांपूर्वीचा, पण किती हजार ते नदीची दरड सांगेल, असं मी म्हटलं. मूळ तुकडा आता अभ्याससंग्रहात नोंद क्रमांकासह जमा आहे आणि मिळवणाऱ्याच्या रकान्यात आबाजींचं नाव आहे. ते नाव लिहिलं जावं, यासाठी मी वेगळा अर्ज केला होता. अशा नोंदींत बहुतेकदा कार्यालयाचं नाव जातं. डेंटल स्टोनची एक प्रत शाळेत आहे.

ज्यांना तुलना स्वतः पाहायची आहे त्यांनी नागपूरच्या अजब बंगल्यापासून सुरुवात करावी. ते संग्रहालय १८६३ पासूनचं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. प्राण्यांच्या जुन्या हाडांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षांपासून चालतो, तिथले गो. ल. बदाम यांचं भारतातल्या प्लाइस्टोसीन काळातल्या, म्हणजे हिमयुगातल्या, प्राण्यांवरचं १९७९ चं इंग्रजी पुस्तक मोठ्या ग्रंथालयांत मिळतं. कुठेही जाण्याआधी मोजमापं आणि पाच फोटो पाठवा, विद्यापीठाच्या सुट्ट्या बघून पाठवा, आणि पंधरवडाभर उत्तर आलं नाही तर पुन्हा नम्रपणे लिहा.

आता काम दरडीचं आहे. पाणी उतरलं की संशोधक थरांचा आराखडा काढायला येणार आहेत आणि ग्रामसभेने त्यासाठी ना-हरकत ठराव दिला आहे. अडचण आहे ती रेतीची. तो किनारा रेतीघाटाला लागून आहे, आणि घाटाचा लिलाव झाला तर पोकलेन थेट गोट्यांच्या थरापर्यंत पोचेल. तेवढा तुकडा लिलावातून वगळावा म्हणून तहसील कार्यालयात अर्ज दिला आहे. सोबत ठराव, वनखात्याचं पत्र, ओळखीचा अहवाल आणि आबाजींच्या सहीचं निवेदन. यंदाच्या घाटांची यादी अजून निघायची आहे. अर्जाची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे, आणि पुढच्या सोमवारी सरपंचताईंबरोबर मी पुन्हा तहसीलला जाते आहे.